कोणाचा डबा?

८ सप्टेंबर, सोमवार

विषय आला! तालुका वक्तृत्व स्पर्धा — 'दहशतवादाचे मूळ गरिबीत आहे.' बाजूने बोला नाहीतर विरुद्ध. गेल्या वर्षी 'मोबाइल : शाप की वरदान' होता, त्याआधी झाडे लावा. वीट आला होता. यात निदान लिहायला काहीतरी आहे.

मुख्याध्यापक म्हणाले, "वासंती मॅडम, ढाल आपलीच." आपलीच म्हणजे माझी! वडनेरच्या या शाळेच्या कपाटातल्या सगळ्या ढाली माझ्या भाषणांच्या आहेत, पोरं फक्त पाठ करून म्हणतात. हे बाहेर कुठे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

यंदा छकुलीला उभी करणार. आठवी ब. आवाज असा की मागच्या बाकावरचे झोपलेले उठून बसतात.

आल्हाद आज पुन्हा जेवायला बाहेर आला नाही. ताट दाराशी ठेवलं. पुण्याहून सामान घेऊन आला त्याला दीड महिना झाला. 'कॉलेजला परत जाणार नाही' — बस, एवढंच. हे म्हणतात, "असू दे गं, वय आहे." एकविसाव्या वर्षी कसलं वय! रुसायचं वय सातवीत संपतं.

१० सप्टेंबर, बुधवार

भाषण झालं. एका बैठकीत! सुरुवात — 'आदरणीय व्यासपीठ, रिकाम्या पोटात दारूगोळा भरायला वेळ लागत नाही!' यांना वाचून दाखवलं. हे नांदुऱ्याच्या ऑफिसातून दमून आलेले, तरी म्हणाले, "टाळ्या पडतील." पडणारच. अर्थात बाजूने बोलायचं. गरिबी, अज्ञान, बेकारी, मग बंदूक. ओळीने मांडत गेलं की झालं.

शेजारच्या जयमालाचा डबा आला, पातोड्या होत्या. आता परत काय घालून द्यायचं? रिकामा कसा देणार! मी स्वयंपाकघरात 'हा कोणाचा, तो कोणाचा' करत सगळे डबे लावत होते तर हे हसून म्हणाले, "या घरात माणसांपेक्षा डब्यांची विचारपूस जास्त होते."

हसा. मलकापूरला माहेरी भुलाबाईच्या दिवसांत, मुलींची गाणी झाली की, खाऊचा झाकलेला डबा नुसता हलवून आत काय आहे ते सांगणारी मी एकटी होते. बाकीच्या पोरी 'लाडू, करंजी, चिवडा' म्हणत राहायच्या. मी एकदा कानाशी वाजवायचे आणि म्हणायचे, फुटाणे. फुटाणेच निघायचे!

१३ सप्टेंबर, शनिवार

छकुलीची तालीम आमच्याच समोरच्या खोलीत. हातवारे बसवले. 'दारूगोळा'वर मूठ वळायची, 'पोटात' म्हणताना हात पोटावर. पोरगी हुशार आहे, एकदा सांगितलं की पुरे.

मध्येच आल्हादचं दार उघडलं. पाणी प्यायला आला असेल. उभा राहून ऐकत होता. छकुली घरी गेल्यावर म्हणाला, "गरिबांना वेळ कुठे असतो, आई? त्याला माणसं लागतात, डोकं लागतं."

"कशाला?"

"तुझ्या भाषणाला," म्हणाला आणि आत गेला. दार बंद.

मला रागच आला. चोवीस वर्षं भाषणं लिहितेय, आता हा शिकवणार! पण दुसरंही एक टोचत राहिलं. हा बोलतो कसा हल्ली! बातम्या देणाऱ्या माणसासारखा. आधी मित्रांतून आला की "आई, मले भूक लागली" असं ओरडत यायचा आणि मी "मला, मला म्हण" म्हणून ओरडायचे. पहिल्या वर्षी सुट्टीत आला तेव्हा एकदाच सांगितलं होतं — त्याने 'का'ऐवजी 'काऊन' म्हटलं की होस्टेलची अख्खी खोली हसते, मुद्दाम त्याला बोलायला लावतात. मी म्हटलं, मग नको म्हणू. तो नंतर त्याबद्दल बोललाच नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज दारात गोजरबाई! छकुलीची आजी. शेतातल्या निंदणावरून तशीच आलेली, लुगड्याला चिखल, हातात विळा.

"बाई, आमच्या पोरीच्या तोंडात काय घातलं वो तुमी? घरात दिवसभर वरडून राह्यली, गरीब बाँब फोडते म्हून. आमी गरीबच हाओ. आमच्या घरातून कोन गेलं फोडाले?"

मी समजावलं. अहो, तो स्पर्धेचा विषय आहे, तुमच्याबद्दल नाही. दुसरी बाजू दुसरं कोणी मांडेल.

"मंग तुमच्या घरावर बोला न. आमच्या काऊन?"

मी म्हटलं, बसा, चहा घ्या. बसल्या नाहीत. "छकुली येनार नाही बोलाले." गेल्या.

भयंकर चीड आली. पोरीचं भलं कोण करतंय ते तरी बघा! यांना वक्तृत्वातलं काय कळतं? एका वाक्यावर अडून बसायचं.

१७ सप्टेंबर, बुधवार

छकुली वर्गात होती. माझ्याकडे बघितलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

तडजोड केली. विरुद्ध बाजूने लिहून देते म्हटलं, दोन्हीकडून लिहायला मला काय! छकुलीने मान हलवली. आजीला विचारून सांगते म्हणाली.

पण लिहिताना अडले. गरिबी नाही, मग काय? कागद कोराच. शेवटी आल्हादच्या दारावर टकटक केली. म्हटलं, तू दिवसभर त्या लॅपटॉपवर असतोस, सांग बाबा, माणसं असं का करतात?

त्याने दार उघडलं! चक्क आत बसायला दिलं. एसी लावून अंधार करून बसलेला. लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "ज्यांच्यावर सगळे हसतात ना आई, त्यांना कोणीतरी येऊन सांगतं, की तू हसण्यासारखा नाहीस. मग तो माणूस जे म्हणेल ते."

छान मुद्दा! मी लगेच लिहून घेतला. मुद्दा क्रमांक एक. मला बरं वाटलं, पोरगा माझ्याशी बोलला.

२४ सप्टेंबर, बुधवार

घट बसलेत, शाळेत चाचणी, तपासायचे पेपर डोक्याएवढे, भाषण अर्धंच. परवा मुली भुलाबाई घेऊन आमच्याकडे येणार आणि खाऊचा पत्ता नाही. फळीवर जयमालाचा आणखी एक डबा येऊन पडलाय. स्टीलचा, झाकणाला गोल चिकटपट्टी. मुंग्यांची हिला भारी धास्ती! बघू सवडीने.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

छकुली ठीक आहे. सगळ्या मुली ठीक आहेत. आज एवढंच.

२७ सप्टेंबर, शनिवार

लिहिते. लिहिल्याशिवाय डोकं थांबणार नाही.

काल दिवेलागणीला मुली आल्या. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, टिपऱ्या. छकुलीही आली. आजीची बंदी भाषणाला होती, भुलाबाईला नव्हती. गाणी झाली. मग "खाऊ! खाऊ!" सुरू झालं आणि मी काहीच केलेलं नव्हतं. फळीवर तो चिकटपट्टीवाला डबा दिसला. मनात म्हटलं, झकास! आत काय आहे ते मलाही ठाऊक नाही. मीही खेळात. घेतला, कानाशी वाजवला. काहीतरी कडक, सुटं सुटं. मला ओळखता येईना! मला! मुली हसायला लागल्या. मी तो डबा छकुलीच्या हातात दिला. मी दिला. माझ्या हाताने.

तिने दोन्ही हातांनी धरून हलवला. "शंकरपाळे! नाही, खारका... मॅडम, याच्यात दोन येगयेगळ्या वस्तू हायेत." परत कानाला लावला.

आल्हादचं दार भिंतीवर आपटलं.

"हालवू नको! छकुली, हालवू नको बे! ठेव. नाही, ठेवू नको, तशीच राह्य! हालू नको तू!"

किती दिवसांनी तसा बोलला. मी आधी तेच ऐकलं, अर्थ मागून कळला. तो अनवाणी आला, तान्हं मूल घेतात तसा तिच्या हातातून डबा घेतला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पार लांब जाऊन ठेवला. आणि परत आला नाही. डबा आणि घर यांच्या मध्ये, आमच्याकडे तोंड करून, मातीत बसून राहिला. ओरडत होता, "सगळ्यांले घरी ने आई! लवकर ने!"

एक लहानगी विचारत होती, "कोनीच नाही ओळखलं, मंग खाऊ कोनाले?"

मी मुलींना पुढच्या दाराने घरी पोचवलं. यांनी पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत आल्हादने आम्हाला लांबूनच, मातीत बसून सगळं सांगितलं. पुण्यात फोनवर कुठला तरी ग्रुप. त्यात एक दादा. खरं नाव याला माहीत नाही. दादा कधी हसला नाही, 'इंजिनिअर साहेब' म्हणायचा. रोज व्हिडिओ, रोज 'त्यांना धडा शिकवायचा'. मग एक दिवस कोणीतरी डबा आणून दिला. थोडे दिवस सांभाळ, आठवडी बाजाराच्या दिवशी आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. बाजारात ठेवायचा, त्यांच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी.

"मी फक्त सांभाळणार होतो आई. जोडल्याशिवाय काही होत नाही म्हणाले होते. पण तिने कानाला लावला आणि..."

फक्त! त्या तोंडाशी कोण बसतं, त्याला माहीत नाही? लहानपणी माझं बोट धरून यायचा तिथे. बांगडीवाले चाचा, त्यांनीच माझ्या डोहाळजेवणाचा हिरवा चुडा भरला. त्यांच्या शेजारी पोतं अंथरून भाजी विकते ती गोजरबाई. आणि बाजाराच्या दिवशी तिला मदत करायला शाळा बुडवून जाते, ज्यासाठी मी तिला दर वेळी रागावते, ती छकुली.

त्याला घेऊन गेले. हे सोबत गेले. आज दुपारी साहेब येऊन सांगून गेले, की आत सुटेच भाग होते, हलवून काही झालं नसतं. ते ऐकल्यावर मी रडले. तोपर्यंत रडूच आलं नव्हतं.

रिकामं पोट! त्याचं ताट मी रोज दाराशी ठेवत होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

शाळेने काही दिवस घरी राहा म्हटलं. जयमाला येऊन बसते, पालक निवडते. चांगली आहे.

गावात एकच वाक्य चाललंय म्हणे, एवढ्या चांगल्या घरचं पोरगं, असं कसं झालं? ते सांगताना हे रडवेले झाले. मला मात्र लाज वाटली, आणि ती गावाची नाही. हेच छकुलीच्या घरात झालं असतं तर कोणीही 'असं कसं' विचारलं नसतं. मीही नाही. मी तर भाषणच तयार ठेवलं होतं.

ते भाषण चुलीत घातलं. गॅस आहे आमच्याकडे, म्हणजे मागे बंबात.

१ ऑक्टोबर, बुधवार

गोजरबाईकडे गेले. दारापर्यंत पोचून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा तिनेच बघितलं. "या. उभ्या काऊन?"

सगळं सांगितलं. डबा मी दिला हेही. बाजाराचंही. ती लसूण सोलत होती, हात थांबले. मला वाटलं आता उठून हाकलेल, आणि हाकललं तर बरोबरच आहे.

मग म्हणाली, "तिच्या हातातून डबा घेतला कोनं?"

"आल्हादने."

"पयाला नाही न तो?"

"नाही. तिथेच बसला."

"मंग पोरगंबी वाचलं म्हना तुमचं." परत लसूण सोलायला लागली. "मले राग हाय बाई. खोटं नाही सांगत. त्याले समोर आनलं तं दोन थोबाडात देईन. पन देईन त्याले घरचा समजूनच."

काळा चहा दिला. प्यायले. निघताना म्हणाली, "छकुली जाईन बोलाले. पन तिचं ती बोलंन."

४ ऑक्टोबर, शनिवार

नांदुरा. हॉलच्या मागच्या रांगेत बसले, कोणी ओळखू नये म्हणून पदर घेऊन. सगळ्यांनी ओळखलं.

आमच्या आधीच्या मुलाने 'रिकाम्या पोटात' वगैरे केलंच. कोणत्यातरी दुसऱ्या बाईने लिहून दिलेलं, माझ्यासारखीच ती. टाळ्या पडल्या. मग छकुली. हातवारे नाहीत, आदरणीय व्यासपीठ नाही. जे आठवतंय ते असं —

"मी गरीब आहे. विषय आमच्यावर आहे म्हणून मी आजीला विचारलं, तुले राग येते का? आजी म्हणे, येते. कोनी मोजून न घेता भाजी उचलली का येते, हसलं का येते. मी म्हटलं, मंग तू काय करते? आजी म्हणे, निंदते. राग आला का निंदन लवकर होते." हॉल हसला. ती थांबली. मग म्हणाली, "राग सगळ्यांच्या घरात असते. आमच्या घरात दार नाही, नुसता पडदा हाय. म्हून आजीचा राग सगळ्यांले दिसते आन् कोनीतरी विचारते, काय झालं गोजरबाई. ज्याच्या घराले दार हाय त्याले कोन विचारते?"

इथे ती विसरली. की रडू आलं, कळलं नाही. 'धन्यवाद' म्हणून उतरली.

उत्तेजनार्थ! परीक्षकांचा शेरा, 'मुद्दे विषयाला धरून नव्हते, भाषा प्रमाण हवी.' मी मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होते, पदर कधी घसरला ते समजलं नाही. यंदा कपाटात ढाल नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा शाळेच्या कुठल्या पोराने स्वतःचं भाषण केलं, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं याचा मला इतका आनंद होईल असं कोणी सांगितलं असतं तर त्यालाच वेड्यात काढलं असतं.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

भुलाबाईचा शेवटचा दिवस. आमच्याकडे कोण येणार, म्हणून दिवा लावून बसले होते नुसती. हे दूध आटवत होते, सवय म्हणून. आणि गल्लीच्या तोंडाशी टिपऱ्या! पुढे गोजरबाई, मागे सगळ्या पोरी. सगळ्या नाही, दोघींच्या आयांनी पाठवलं नाही. बरोबर आहे त्यांचं.

गोजरबाई म्हणाली, "त्या दिवशी गाने झाले, खाऊ राह्यला होता. अर्धं ठेवत नाहीत."

मी पळत आत गेले. घरात होत्या त्या लाह्या डब्यात भरल्या. बाहेर आणला तेव्हा टिपऱ्या थांबल्या. छकुलीने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नको असेल तर उघडूनच देते."

"उघडला तं ओळखू कसा?" हात पुढे केला. कानाशी नेला. हळूच हलवला.

"लाह्या!"

इतक्या मोठ्याने ओरडली की जयमाला तिच्या गच्चीवरून "काय झालं, काय झालं" करत धावली. मग सगळ्यांनी दूध प्यायलं. हे स्वयंपाकघरात तोंड वळवून उभे होते.

२ नोव्हेंबर, रविवार

त्या दादाला आणि आणखी दोघांना धरलं. आल्हादने सांगितलेलं सगळं जुळलं. वकील म्हणाले, त्याला माफीचा साक्षीदार करण्याचा अर्ज मंजूर व्हायची आशा आहे. किती दिवस लागतील सांगत नाहीत. पण आशा म्हणाले. मी हा शब्द दोनदा विचारून घेतला.

बांगडीवाल्या चाचांकडे गेले होते. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, माप बघितलं, जुनंच माप होतं. बांगड्या भरता भरता म्हणाले, "बेटा घर आयेगा तो बाजार में भेजना. मैं देखूँगा उसको."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बुलडाण्याला भेटीला. मधे जाळी. बारीक झालाय. "आई, मले भाकरीची लय आठवण येते" म्हणाला. यावेळी मी 'मला म्हण' म्हटलं नाही.

वेळ संपत आली तेव्हा खाली बघून म्हणाला, "आई, तो डबा फळीवर चुकून राह्यला नव्हता. मीच ठेवला होता तिथं. परका डबा दिसला की तू विचारल्याशिवाय राहत नाहीस ना — कोणाचा, काय घालून परत द्यायचा. म्हटलं तू विचारशील. मग मी सांगेन."

किती दिवस होता तो फळीवर! माझ्या डोळ्यांसमोर.

शिपाई 'चला' म्हणत होता. मी जाळीला तोंड लावून विचारलं, "कोणाचा होता रे डबा?"

तो रडत होता, हसतही होता. म्हणाला, "माझा नव्हता, आई."